सेवानिवृत्ती व्हिसावर असताना परदेशात काम करायची परवानगी मिळते का?

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. मी आणि बायको थायलंडला हुआ हिनमध्ये राहतो. नॉन-ओ व्हिसा आणि त्यावर सेवानिवृत्तीच्या नावाने दरवर्षी वाढवून मिळणारं एक वर्षाचं एक्स्टेन्शन, असा आमचा मुक्काम. चवथीला फोंड्याला आलोय, दिवाळीपर्यंत इथेच आहे.

माझं वय ५८. सगळा जन्म हॉटेलच्या किचनात गेला. आधी कळंगुट, मग मस्कत, शेवटची वर्षं दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टात. हुआ हिनला भारतीय लग्नं भरपूर होतात. वऱ्हाड येतं, तीन-तीन दिवस राहतं, आणि हॉटेलांना आपलं जेवण करणारी माणसं कमी पडतात. तिथल्या एका हॉटेलवाल्याने मला विचारलंय की आठवड्यातून तीन दिवस येऊन किचनमधल्या मुलांना शिकवाल का. पगार देणार आहे.

मला हे काम मनापासून हवंय. एकदा पाहुणा म्हणून गेलो असताना तिथल्या एका मुलीला शागुतीचं वाटण दाखवलं होतं. नारळाचं दूध काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, पण खोबरं तांबूस होईपर्यंत मंद आचेवर परतत राहायचं, कडेचं करपायच्या आधी मधे ओढायचं, हे तिला नवीन होतं. दुसऱ्या घाण्याला तिने बरोबर रंगावर कढई उतरवली. घरी बसून हा आनंद मिळत नाही.

तर प्रश्न असा. सेवानिवृत्तीच्या मुक्कामावर असताना वर्क परमिट काढता येतं का? येत नसेल तर सरळ, कायदेशीर वाट कोणती? इतर देशांत काय पद्धत आहे तेही कळलं तर बरं. हॉटेलचा मॅनेजर म्हणतो, 'ट्रेनिंगच तर आहे, कोण विचारतंय!' मला तसं करायचं नाही.

डिचोलीची_लेक

वाचतेय. आमच्या नात्यातही एक जण बालीला राहायला जायच्या तयारीत आहेत आणि 'तिथे योगाचे वर्ग घेईन' म्हणतात. वाचनखूण साठवली.

बँकॉकचा_बाब

अंत्रुजकर, मी बँकॉकला नोकरीत आहे, त्यामुळे या कागदांतून दरवर्षी जातो. सरळ उत्तर: नाही. सेवानिवृत्तीच्या एक्स्टेन्शनवर वर्क परमिट मिळत नाही. तो मुक्कामच 'मी काम करणार नाही' या अटीवर दिलेला असतो. वय ५० च्या वर, बँकेत ८ लाख बाहत किंवा महिना ६५ हजार बाहत उत्पन्न हे सगळं का मागतात? तुम्ही तिथे कमवायला आलेला नाहीत याचा पुरावा म्हणून.

काम करायचं तर मुक्कामाचं कारण बदलावं लागतं. म्हणजे नॉन-बी, नोकरी-धंद्यासाठीचा व्हिसा. त्याची क्रमवारी अशी की आधी हॉटेल कामगार खात्याकडून तुमच्या नावाने पूर्वमंजुरीचं पत्र घेतं, त्या पत्रावर तुम्हाला नॉन-बी मिळतो, तिथे पोहोचल्यावर वर्क परमिट होतं आणि मग इमिग्रेशन त्याच्या आधारावर एक वर्षाचं एक्स्टेन्शन देतं. पत्र येण्याआधी किचनमध्ये पाय ठेवायचा नाही.

यात तुमच्यापेक्षा हॉटेलची पात्रता जास्त तपासतात. साधा हिशेब असा की एका परदेशी माणसामागे २० लाख बाहतचं नोंदणीकृत भांडवल आणि एक्स्टेन्शनच्या वेळी ४ थाई कर्मचारी दाखवावे लागतात. लग्नं घेणाऱ्या हॉटेलला हे जड नाही. पण आठवड्यातून तीन दिवसांच्या माणसासाठी त्यांची एवढी कागदपत्रं करायची तयारी आहे का, हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडते.

आणि मॅनेजरच्या 'कोण विचारतंय'बद्दल. परमिटशिवाय काम करताना सापडलात तर ५ हजार ते ५० हजार बाहत दंड, देशाबाहेर रवानगी आणि पुढची दोन वर्षं वर्क परमिट नाही. मालकाला दर माणसामागे १० हजार ते १ लाख. दंड भरून मॅनेजर दुसऱ्या दिवशी कामावर येईल. तुमचं मात्र तिथलं घर सुटेल.

वाळपईवाला

बँकॉकच्या बाबांनी कायदा बरोबर सांगितला, पण थोडं सौम्य घ्यायला काय हरकत आहे? पगार घेऊ नका. मित्राच्या हॉटेलात जाऊन चार पोरांना वाटण शिकवलं, त्यांनी जेवू घातलं, झालं. पैसे नाहीत तर नोकरी कुठली? माणसाने निवृत्त झाल्यावर आपली विद्या कुणाला द्यायचीच नाही का?

बँकॉकचा_बाब

@वाळपईवाला, भावना पटते, पण तिथे पैसे न घेतल्याने सुटका होत नाही. संस्थेत विनामोबदला सेवा करणाऱ्या परदेशी माणसालाही तिथे वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. अनाथाश्रमात इंग्रजी शिकवणाऱ्यांनाही. हॉटेल तर नफ्यासाठी चालतं. तिथे एप्रन बांधून उभा असलेला परदेशी माणूस काय करतोय हे अधिकाऱ्याला समजावणं कठीण आहे.

राहण्यासाठी भाड्याने घेतलेल्या घरात दुकान थाटलं तर घरमालक 'धंदा होतोय की नाही' हे विचारत नाही, 'करारात काय लिहिलंय' हे विचारतो. तसंच हे.

मिरामारचा_मिंगेल

अंत्रुजकर बाब, शागुती शिकवायला परमिट लागतं, पण खायला लागत नाही ना? मग आमची वर्णी हुआ हिनला लावा. :)

तारवटी_नाना

मी बोटीवर होतो. आयुष्यभर फिलिपिनो मुलांबरोबर काम केलं, त्यामुळे तिथली माहिती आहे. फिलिपीन्समध्ये हे जरा वेगळं आहे. तिथला सेवानिवृत्ती व्हिसा एसआरआरव्ही म्हणून ओळखतात. तो फिलिपीन रिटायरमेंट अथॉरिटी देते, आणि ती तिथल्या पर्यटन खात्याखाली येते. ठरावीक डॉलरची ठेव ठेवायची. हा व्हिसा कामाच्या आड येत नाही. नोकरी मिळाली की कामगार खात्याकडून एलियन एम्प्लॉयमेंट परमिट, म्हणजे एईपी, काढायचं आणि रुजू व्हायचं. व्हिसा बदलायची गरज नाही.

माझे एक जुने चीफ इंजिनियर तिथे सेबूला स्थायिक आहेत. त्यांनी मरीन प्रशिक्षणाच्या शाळेत शिकवायला घेतलं ते असंच, एसआरआरव्हीवर राहून एईपी काढून. एईपीसाठी तिथल्या खात्याला बघायचं असतं की या कामासाठी स्थानिक माणूस उपलब्ध नाही. म्हणून नोकरीची जाहिरात द्यावी लागते, हरकती मागवतात. रास्त आहे. आपल्याकडेही कोणी बाहेरचा येऊन नोकरी घेणार असेल तर आपण विचारतोच.

डिचोलीची_लेक

नाना, ही माहिती सोन्यासारखी आहे. म्हणजे देश निवडतानाच 'पुढे काम करावंसं वाटलं तर' हा प्रश्न विचारायला हवा.

मलेशियाबद्दल मी वाचलं ते सांगते. तिथली 'माय सेकंड होम' योजना. जुन्या नियमांत ५० वर्षांवरच्या, विशेष कौशल्य असलेल्या लोकांना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करायची परवानगी मागता यायची. २०२४ पासून योजनेच्या चांदी, सोनं, प्लॅटिनम अशा पायऱ्या झाल्या. चांदीला दीड लाख डॉलर ठेव, सोन्याला ५ लाख, प्लॅटिनमला १० लाख. त्यात कामाची मुभा प्लॅटिनमवाल्यांना. १० लाख डॉलर ठेवणारा माणूस आठवड्यात तीन दिवस किचनमध्ये उभा राहील असं वाटत नाही, त्यामुळे अंत्रुजकरांसाठी ही वाट बंदच.

केप्याची_कॅथरीन

मराठी लिहिताना चुका होतील, समजून घ्या. पोर्तुगालचा डी-सेव्हन व्हिसा विसरू नका. तोही पेन्शन, घरभाडं, व्याज अशा बसल्या जागच्या उत्पन्नावर मिळतो. रक्कम तिथल्या किमान वेतनाला जोडलेली आहे. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं. तिथे जाऊन निवासाचं कार्ड हातात आलं की नोकरी करता येते, वेगळं परमिट लागत नाही. माझी मोठी बहीण तशीच गेली आणि आता लिस्बनजवळ एका वृद्धाश्रमात अर्धवेळ काम करते.

स्पेनचं मात्र उलट. तिथल्या नॉन-लुक्रेटिव्ह व्हिसात काम पूर्ण बंद.

सांगेकर_सु

पण गोव्यातल्या किती जणांना डी-सेव्हन लागतोय? १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला आजा असला आणि त्याचा जन्म लिस्बनला नोंदवला की पासपोर्टच मिळतो. मग काम करा, राहा, युरोपात कुठेही जा. आमच्या वाड्यावरची तीन घरं अशीच गेली.

केप्याची_कॅथरीन

गेली, पण भारतीय नागरिकत्व सोडून गेली. मतदान गेलं, शेतजमीन घ्यायची सोय गेली. ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, वर्षभर माझा भाऊ पणजीच्या फेऱ्या मारत होता. २०२४ मध्ये केंद्राने पासपोर्ट रद्द केल्याचा आदेशही चालेल असं म्हटलं तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. पेन्शनच्या वयात हा निर्णय पोरांच्या सांगण्यावरून घेऊ नये, असं मला फार वाटतं. आई आता इथे परत आलीय आणि ग्रामपंचायतीला मत देता येत नाही म्हणून दर वेळी हळहळते.

सांगेकर_सु

मान्य. माझ्या आत्याचंही तेच झालं. तिला तर पासपोर्ट नकोच होता, नातवंडांसाठी केला.

धागाकर्ते_प्रशासक

पोर्तुगीज पासपोर्टवर आधीच तीन धागे आहेत, पुढची चर्चा कृपया तिथे. इथे सेवानिवृत्ती व्हिसा आणि काम एवढंच ठेवूया.

पर्वरीची_काकू

एक बाजू सगळ्यांच्या नजरेतून सुटली आहे. आपण तिकडच्या सरकारच्या परवानगीबद्दल बोलतोय, पण इकडच्या सरकारची परवानगीही लागू शकते.

मी पेन्शनच्या कामात वर्षं काढली. गोवा सरकारच्या सेवेतून निवृत्त झालेल्यांना केंद्राचे पेन्शन नियम लागतात. गट 'अ' मधून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी व्यावसायिक नोकरी धरायची असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागते. पूर्वी ही मुदत दोन वर्षं होती, नंतर एक झाली. आणि परदेशातल्या सरकारची नोकरी धरायची असेल, म्हणजे एखाद्या देशाच्या आरोग्य खात्यात, बंदर खात्यात, शिक्षण खात्यात, तर त्यासाठी पूर्वपरवानगीचा वेगळा नियम आहे. मंजुरीशिवाय गेलात तर पेन्शनच अडचणीत येते. आखातातल्या सरकारी इस्पितळांतून आपल्या निवृत्त डॉक्टरांना बोलावणी येतात तेव्हा हे कोणी सांगत नाही.

अंत्रुजकरांना हे लागू नाही, ते हॉटेलवाले. पण वाचणाऱ्यांत मास्तर, डॉक्टर, इंजिनियर असतील. आणि हो, हयातीचा दाखला! नोव्हेंबरात तुम्ही बाहेर असाल तर भारतीय दूतावासातून सही घेता येते, किंवा मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, करता येतो. आमच्याकडे दर डिसेंबरात 'पेन्शन थांबली' म्हणून फोन यायचे, त्यातले निम्मे परदेशात मुलांकडे गेलेल्यांचे असायचे.

वाळपईवाला

काकू, हे माहीतच नव्हतं. माझे थोरले बंधू पीडब्ल्यूडीतून याच वर्षी निवृत्त झालेत आणि ओमानमधल्या एका कंत्राटदाराकडे जायचं म्हणतात. गट 'अ' च आहेत. आजच त्यांना हा प्रतिसाद पाठवतो.

पर्वरीची_काकू

पाठवा, आणि अर्ज जाण्याआधी करायला सांगा. मंजुरीसाठी ठरावीक नमुना असतो, खात्यातच मिळेल.

लॅपटॉप_लोटली

माझा प्रश्न जरा वेगळा. मी ५२ वर्षांचा, सॉफ्टवेअरमधून लवकर बाहेर पडलो. दोन जुनी गिऱ्हाइकं आहेत, दोन्ही पुण्याची. थायलंडच्या सेवानिवृत्ती व्हिसावर राहून घरी लॅपटॉपवर त्यांचं काम केलं तर? थाई माणसाची नोकरी जात नाही, पैसे भारतातच जमा होतात. मला यात काही गैर दिसत नाही.

बँकॉकचा_बाब

@लॅपटॉप_लोटली, तुमच्यासाठी तर त्यांनी वेगळं दारच उघडलंय, मग सेवानिवृत्तीच्या दारातून का शिरता? जुलै २०२४ पासून डीटीव्ही म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा आहे. पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात ५ लाख बाहत दाखवायचे. बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकांचं काम करणाऱ्यांसाठीच तो काढलाय. ८ लाख तिथल्या बँकेत अडकवून ठेवण्यापेक्षा तुम्हाला हेच सोयीचं.

त्याच्याही वर एलटीआर म्हणजे लाँग टर्म रेसिडेंट व्हिसा आहे, दहा वर्षांचा, सप्टेंबर २०२२ पासून. त्यात 'श्रीमंत पेन्शनर' असा गट आहे. ५० वर्षं पूर्ण, वर्षाला ८० हजार डॉलरचं पेन्शन किंवा तत्सम उत्पन्न. उत्पन्न ४० ते ८० हजारांच्या मधे असेल तर अडीच लाख डॉलर थायलंडमध्ये गुंतवायचे. शिवाय आरोग्य विमा. या गटाला वर्क परमिट मिळू शकतं. म्हणजे अंत्रुजकरांच्या प्रश्नाला 'निवृत्त राहून काम' असं उत्तर थायलंडमध्ये आहे, पण ते या रकमेला आहे.

अंत्रुजकर

८० हजार डॉलर पेन्शन! आमच्या हॉटेल लाइनीत पेन्शन हा प्रकारच नाही. पीएफ आणि मस्कतची शिल्लक, एवढ्यावर चाललंय. एलटीआर बाजूला ठेवतो.

बाबांनी आणि नानांनी इतकं नीट लिहिलंय की डोळे उघडले. हॉटेलच्या मालकाशी आज फोनवर बोलतो आणि कळवतो.

हिशेबी_म्हापसेकर

सीए आहे, म्हणून पैशांचं बोलतो. ज्यांना इथून ठेव पाठवायची आहे त्यांनी लक्षात घ्या: भारतात निवासी असलेल्याला एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वर गेलात की अशा कारणासाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर अडकतो. ८ लाख बाहत म्हणजे २० लाख रुपयांच्या वर, तेव्हा कापला जाणारच. पती-पत्नीने दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवलं तर ओझं हलकं होतं. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे अनिवासी झालात की एलआरएस नाही, मग एनआरओ म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंतची वेगळी सोय आहे.

दुसरं थाई कराचं. वर्षात १८० दिवस तिथे राहिलात की तुम्ही तिथले कर-निवासी. १ जानेवारी २०२४ पासून बाहेर कमावलेलं उत्पन्न तिथे आणलं तर त्यावर तिथे कर लागू शकतो. भारताशी दुहेरी कराचा करार आहे, म्हणून दोनदा भरावा लागू नये, पण कागद जपून ठेवा. पगार सुरू झाला की त्यावर थाई कर येणारच. अंत्रुजकर, मालकाला विचारताना हातात किती पडणार ते विचारा.

पेडणेकर_पोरगो

मी मोरजीचा. हा धागा वाचून एक सांगावंसं वाटतं. आमच्या किनाऱ्यावर टुरिस्ट व्हिसावर आलेले परदेशी लोक शॅक चालवतात, योगा शिकवतात, केस कापतात, गाड्या भाड्याने देतात. आमची मुलं त्यामुळे मागे पडतात आणि आम्ही वर्षानुवर्षं ओरडतोय. इथे आपण एवढे चिडतो, मग आपला माणूस दुसऱ्याच्या देशात तसंच करणार असेल तर मला ते सहन होत नाही. अंत्रुजकर बाब, तुम्ही 'मला तसं करायचं नाही' असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, याचा फार अभिमान वाटला.

मिरामारचा_मिंगेल

पोरग्या, शंभर टक्के. केस कापणं आणि टुरिस्ट गाइडचं काम तर थायलंडने परदेशी लोकांना सरळ बंदच केलंय. आपल्याकडेही अशी यादी हवी.

डिचोलीची_लेक

भारतात परदेशी माणसासाठी सेवानिवृत्ती व्हिसा असा प्रकारच नाही ना? गोव्यात निवृत्त होऊन राहायची इच्छा असलेले इंग्रज लोक मला कामानिमित्त भेटतात, दर वेळी हेच विचारतात.

बँकॉकचा_बाब

नाही. आणि नोकरीसाठी यायचं तर एम्प्लॉयमेंट व्हिसाला वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगार लागतो. त्यातून सूट कोणाला? स्वतःच्या देशाचं जेवण करणारे स्वयंपाकी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक, दुभाषे. म्हणजे थाई शेफ गोव्यात येऊन थाई जेवण शिकवू शकतो, पगाराची ती अट त्याला नाही. आपलं सरकार या बाबतीत स्वयंपाक्याला मान देतं हे मला आवडतं.

शारजाची_सून

यूएईचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, कारण गोव्यातले आई-वडील तिथेच जास्त येतात. सेवानिवृत्तीचा पाच वर्षांचा व्हिसा ५५ वर्षांवरच्यांना आहे. घर, बचत किंवा नियमित उत्पन्न दाखवून मिळतो. पण तो राहण्यासाठी. नोकरीसाठी कामगार मंत्रालयाचं परमिट मालकाने काढावं लागतं.

आमच्या घरचं उदाहरण देते. सासरे माझ्या नवऱ्याच्या फॅमिली व्हिसावर आहेत. मापुशात अकाउंट्स बघायचे. इथे एका गोवेकराच्या गॅरेजला हिशेबासाठी माणूस हवा होता. कुटुंबाच्या व्हिसावर असलेल्यांसाठी तिथे वर्क परमिटचा वेगळा प्रकार आहे. व्हिसा नवऱ्याकडेच राहिला आणि परमिट गॅरेजने काढलं. सासरे सकाळी आठला डबा घेऊन निघतात, दुपारी परत. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, कारण आधी ते दिवसभर बाल्कनीतून पार्किंग बघत बसायचे.

सांगायचं म्हणजे, मुलगा-मुलगी तिथे असतील तर सेवानिवृत्ती व्हिसाच्या मागे धावण्याआधी फॅमिली व्हिसा बघा. आणि आई-वडिलांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीआधी इमिग्रेशन तपासणीचा, शिक्का असेल तर घाबरू नका, ५० च्या वर वय असलेले त्यातून वगळलेले आहेत.

वाळपईवाला

इथे एक इशारा द्यायचाय. आमच्या भागात एक एजंट फिरतोय. 'थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा करून देतो, ८ लाख आम्हीच तुमच्या खात्यावर काही दिवस ठेवतो, वर काम पण मिळेल' म्हणतो. मी आधी सौम्य बोललो होतो, पण हे ऐकून मलाच धसका बसला. हे खरं असतं का?

बँकॉकचा_बाब

उसने पैसे खात्यात दाखवायचा धंदा तिथे चालतो, पण नियम असा आहे की रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण हवी, आणि त्यानंतरही वर्षभर ४ लाखांच्या खाली उतरायची नाही. 'काही दिवस' म्हणणारा माणूस तुम्हाला खोट्या कागदावर उभा करतोय. आणि 'वर काम पण' हे तर वर सगळ्यांनी लिहिलंच आहे. त्या एजंटला अजिबात पासपोर्ट देऊ नका. म्हाताऱ्या माणसांचे पासपोर्ट अडकवून ठेवण्याचे प्रकार ऐकले की अंगावर काटा येतो.

तारवटी_नाना

पासपोर्ट स्वतःच्या कपाटात. बोटीवरही आम्ही कॅप्टनशिवाय कोणाला दिला नाही.

अंत्रुजकर

मालकाशी बोललो, त्याच्या एचआरच्या बाईंशीही. चांगली बातमी आहे. त्यांच्याकडे आधीच एक इटालियन शेफ आहे, म्हणजे कागद करायची सवय आहे आणि भांडवल, कर्मचारी यांचा प्रश्न नाही. पूर्वमंजुरीचं पत्र काढायला तयार आहेत. पण त्यांचं म्हणणं, एवढं करायचं तर तीन दिवस नको, पाच दिवस या, आणि पद 'भारतीय पाककलेचे प्रशिक्षक' असं ठेवू. मला चालेल. त्या मुलीने विचारलं म्हणे, 'तो तेफळवाला आजोबा कधी येतोय?' तिच्या गावाकडे, उत्तर थायलंडात, तेफळाच्याच जातीचं माखवेन नावाचं फळ वापरतात, म्हणून तिला आपला वास ओळखीचा वाटला होता.

आता अडचण बायकोची. तिचा मुक्काम माझ्या सेवानिवृत्तीच्या एक्स्टेन्शनवर, माझी पत्नी म्हणून आहे. मी नॉन-बीवर गेलो की तिचं काय? आणि उद्या काम संपलं की मला परत पहिल्यापासून सुरुवात का? ही काळजी मोठी आहे. तिने त्या गावात ओळखी केल्यात, देवळात जाते, बाजारातल्या बायका तिला नावाने ओळखतात. माझ्या हौसेपायी तिचं तिथलं राहणं डळमळीत व्हायला नको.

बँकॉकचा_बाब

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत, बहुतेक जण विसरतात. तुमचं सेवानिवृत्तीचं एक्स्टेन्शन गेलं की त्यावर टेकलेला वहिनींचा मुक्कामही जातो. नॉन-बीवाल्याची पत्नी म्हणून तिला नव्याने नॉन-ओ करता येतो. पण मग तुमची नोकरी संपली की दोघांचाही मुक्काम एकाच दिवशी संपतो.

वहिनींचं वय ५० च्या वर आहे का? असेल तर सेवानिवृत्ती तिच्या नावाने करा. ८ लाख तिच्या एकटीच्या थाई खात्यात. ती निवृत्त, तुम्ही नोकरीवर, दोघांचे कागद एकमेकांपासून मोकळे. पुढे काम सुटलं की तुम्ही तिचे पती म्हणून तिच्या एक्स्टेन्शनवर या. परदेशी पती-पत्नींपैकी एकाने पैसे दाखवले की दुसऱ्याला अवलंबून राहता येतं. तेव्हाही तुम्हाला नव्याने नॉन-ओ घ्यावा लागेल, पण घर चालू राहील.

तुम्ही आत्ता गोव्यात आहात हे सोयीचं आहे. पत्र इकडेच मागवा, नॉन-बीचा अर्ज ऑनलाइन करा. १ जानेवारी २०२५ पासून थाई ई-व्हिसा सुरू आहे, आणि आपला भाग मुंबईच्या वकिलातीकडे येतो. एक सांभाळा: जुन्या एक्स्टेन्शनचा री-एंट्री परमिट (बाहेर जाऊन परत यायची परवानगी) वापरून परत शिरू नका, नाहीतर जुन्याच कारणावर आत जाल.

शारजाची_सून

अंत्रुजकर काका, वहिनी म्हणजे काकूंचा पासपोर्ट बघा, पुढच्या दोन वर्षांत संपत असेल तर पणजीत आत्ताच नवा करून घ्या. तिकडे गेल्यावर नवीन पासपोर्टवर शिक्के हलवायला वेगळी रांग लागते.

अंत्रुजकर

बायको ५६ ची आहे. तिला हा धागा वाचून दाखवला. ८ लाख तिच्या नावावर ही गोष्ट तिला भलतीच पटली. :)

बुधवारी पणजीला बँकेत जातोय. म्हापसेकर, पैसे तिच्या खात्यात माझ्या एनआरओमधून थेट पाठवता येतील का, की आधी तिच्या एनआरओत वळवावे लागतील? आणि एचआरच्या बाईंनी पदवी, अनुभवाचे दाखले मागवलेत. मस्कतच्या दाखल्यावर कोणाचा शिक्का लागेल? नाना, तुमच्याकडे अशा दाखल्यांची सवय असेल, व्यक्तिगत निरोप केलाय. देव बरें करूं सगळ्यांचं.

हिशेबी_म्हापसेकर

बुधवारी जाण्याआधी मला फोन करा. दोघांची पॅन कार्डं आणि खात्यांची स्टेटमेंट्स सोबत ठेवा. बँक पैसे बाहेर पाठवताना आयकराचा फॉर्म आणि सीएचा दाखला मागेल, त्यातला दाखला मी करून देतो. ते पैसे तुमचे कसे आहेत हे दाखवणारे पीएफचे कागद आधी शोधून काढा.